बँकरांची मोटार

कर्जतच्या मामलेदार कचेरीत माझी कारकून म्हणून नेमणूक झाली तेव्हा गावात राहायला जागा मिळेना. लढाई नुकतीच संपली होती, पण बॉम्ब पडतील म्हणून मुंबईहून पळून आलेली बिऱ्हाडं परत जायचं नाव घेत नव्हती. शेवटी कचेरीतला शिपाई म्हणाला, बँकरांकडे जाऊन बघा, त्यांच्या दोन खोल्या मोकळ्या आहेत. बँकर म्हटल्यावर मी ठेवणीतला कोट काढला. सोन्याची बटणं, लोडाला टेकलेली पाठ आणि पुढ्यात पानाचं तबक असा एक गृहस्थ वाटभर माझ्या डोळ्यांपुढे होता. स्टेशनामागच्या त्या घराच्या अंगणात पोचलो तर एक जुनी काळी मोटार उभी, आणि तिच्याखालून फक्त दोन पाय बाहेर आलेले. मी खाकरलो. पाय हलले नाहीत, पण खालून आवाज आला, "उजवा हात कसा हाय?"

मला वाटलं, इकडे ख्यालीखुशाली अशी विचारत असावेत. मी म्हणालो, बरा आहे.

"मंग हँडल मारा."

मी कोटासकट हँडल मारलं. मोटारीनं एक उचकी दिली, हँडल उलटं फिरलं आणि माझं मनगट टम्म सुजलं. त्या सुजेवर घरच्या काकींनी आंबेहळद लावली आणि खोल्या मला मिळाल्या. जात कोणती, लग्न झालंय का, पाहुणे किती येतात, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. हँडल मारायला माणूस मिळाला होता.

बँकर म्हणजे पेढीवाला नव्हे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढवायला कर्जतला मागून जादा इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात. आमचे घरमालक वाफेच्या जमान्यात त्या इंजिनाचे ड्रायव्हर होते, म्हणून गावानं इंजिनाचं नाव त्यांनाच देऊन टाकलं होतं. मूळचे नेरळजवळच्या पोशीरचे, भातशेतीच्या घरातले; भाऊ अजून तिथंच. पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी गाडीच्या शेपटाला लागून घाट चढण्यात आणि मोकळं इंजिन उलटं घेऊन घाट उतरण्यात घालवली. गाडीच्या तोंडाशी ते कधी बसले नाहीत.

त्याचा माणसावर व्हायचा तो परिणाम झालाच. चार जणांबरोबर चालायचं झालं की बँकर सगळ्यांच्या मागे. वरातीत मागे, पंगतीत शेवटच्या पाटावर, देवळात दाराशी. पुढे या म्हटलं तर म्हणत, "मागनं जोर पायजे." समोरून आलेला माणूस त्यांना चटकन ओळखू येत नसे, तोच पाठमोरा झाला की लांबून हाक मारत. आमचे अव्वल कारकून एकदा घरी आले तेव्हा यांनी तोंडावर, आपण कोण म्हणून विचारलं. ते रागावून निघाले, आणि पाठ दिसल्याबरोबर बँकर ओळखीचं हसत त्यांच्यामागे धावले. अव्वल कारकून पुढे कधीही आले तरी अंगणात शिरताना जरा तिरके शिरत.

मित्र म्हणाल तर सगळे गार्ड. गाडीचा शेवटचा डबा गार्डाचा आणि त्याला लागून यांचं इंजिन, तेव्हा सगळा घाट एकमेकांकडे बघत चढायचा. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून ही मैत्री झाली ती हातवाऱ्यांची. एखादा म्हातारा गार्ड भेटायला आला की दोघं पडवीत समोरासमोर बसत, एक शब्द न बोलता हातवारे करत, मध्येच खदखदा हसत आणि उठत. काकी चहा ठेवून जात आणि मला म्हणत, त्यांचं बोलणं झालं की सांगा, कपबश्या न्यायच्या आहेत.

घाटात विजेची इंजिनं आली आणि बँकरांना यार्डात डबे इकडून तिकडे करायला बसवलं, हे मात्र ते कधी विसरले नाहीत. विजेच्या इंजिनाला ते कपाट म्हणत. धूर नाही, पाणी नाही, कोळसा नाही, नुसती दारं. आत ड्रायव्हर काय करतो, धुतलेले कपडे ठेवतो काय, असं विचारत. नोकरी संपली त्या दिवशी त्यांनी फलाटावर चारचौघांदेखत सांगून टाकलं, की कपाटामागे बसून मी घाट चढणार नाही. असल्या प्रतिज्ञा करणारे पुष्कळ असतात. पाळणारे थोडे, आणि एकुलती एक मुलगी लोणावळ्याला देऊन पाळणारा मी हा एकच पाहिला. त्यात जावई कपाटाचाच ड्रायव्हर. जावई त्यांना मनापासून आवडत असे. "पोरगा सोन्यासारखा हाय," म्हणत, "धंदा तेवढा नाय."

मुलगी शेवंती. दोन-तीन दिवाळ्या ती माहेरी आली आणि मग तिनंही तोंड उघडलं: बाबा माझ्या घरी येत नाहीत तोवर मी कर्जतला येणार नाही. मुलगी कुणाची हे वेगळं सांगायला नको. पहिलं बाळंतपणसुद्धा तिनं लोणावळ्यालाच केलं. काकी गाडीनं वर जाऊन राहिल्या आणि तेवढे सगळे दिवस बँकरांनी आपल्या हातचं पिठलं खाल्लं. मुलगा झाला. बारसं आजोबांवाचून उरकलं. पण जावळाशी सगळं अडलं. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसवायचं, आणि शेवंतीला भाऊ नाही. मामा नसला तर आजोबांची मांडी, असा त्यांच्याकडचा रिवाज. शेवंतीनं निरोप धाडला की बाबा येतील तेव्हाच पोराच्या डोक्याला वस्तरा लागेल.

जावळ वर्षाच्या आत व्हायला हवं आणि वर्ष भरत आलेलं. लोणावळ्याहून येणारे सांगत, पोराचे केस कानांवर आले, भुवयांवर आले, लोक मुलगी समजून गाल ओढतात. काकी ऐकत आणि पदर डोळ्यांना लावत. बँकरही ऐकत, आणि उठून मोटारीखाली जात. त्यांच्या हिशेबी एकच वाट मोकळी होती: कर्जतहून खोपोली आणि तिथून मोटारीनं बोरघाट.

ती मोटार त्यांनी चौक गावाजवळ लोधिवलीत एका बागाइतदाराच्या गोठ्यातून उचलली होती. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून मालकानं ती पेंढ्याखाली ठेवली आणि विसरून गेला. कोंबड्या विसरल्या नाहीत. मागच्या सीटवर त्यांचा संसार, बॉनेटखाली उंदरांचा. घरी आणताना पुढे बैल जुंपले होते आणि बँकर अर्थातच मागून ढकलत होते. घामाघूम होऊन आले आणि काकींना म्हणाले, बैल चांगले होते, पण जोर माझा.

दुरुस्तीची त्यांची एक रीत होती. आधी मोटारीभोवती एक फेरी, मागच्या बाजूनं सुरुवात करून. मग कान लावायचा. मग वास घ्यायचा. हात सगळ्यांत शेवटी. "आधी तिला बोलू द्या," म्हणत. मला तिचं काही ऐकू येत नसे. मला फक्त हँडलाची भाषा समजे. उंदरांनी खाल्लेल्या वायरी त्यांनी बदलल्या. कार्ब्युरेटरात जुनं पेट्रोल वाळून डिंकासारखं बसलं होतं, तो गरम पाण्यात उकळून काढला. प्लग काकींच्या चुलीत भाकरीशेजारी भाजून त्यांची काजळी खरवडली. एकदा भाकरीबरोबर एक प्लग माझ्या ताटात आला. काकी म्हणाल्या, राहू द्या, त्यांना देते, कालपासून शोधत आहेत.

मोटार सुरू झाली, पण बाजारपेठेपर्यंत जाऊन मरायची. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा तेवढ्याच अंतरावर बंद. बँकरांनी मॅग्नेटोवर संशय घेतला, वायरींवर घेतला, माझ्या हँडलावर घेतला. एके सकाळी मारुतीच्या देवळासमोर ती बंद पडली तेव्हा त्यांनी सहज पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं आणि आतून स्पष्ट सुस्कारा आला. झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं, ते कुंभारमाशीनं माती लिंपून बंद केलं होतं. बाहेरची हवा आत येईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. बँकरांनी काडीनं ती माती टोकरली. "कोंडलीवती बिचारी," म्हणाले, आणि देवळात जाऊन नारळ फोडून आले.

त्यानंतर सपाटीला तिनं कधी दगा दिला नाही. आम्ही पळसदरीवरून खोपोलीपर्यंत ऐटीत जायचो. खोपोली सोडून घाटाचा चढ लागला, की पहिल्या मोठ्या वळणाशी मोटार गप्प. दर रविवारी तेच वळण. तिथून खाली घरंगळत खोपोलीला आलो, की काही झालंच नाही अशी सुरू. खोपोलीच्या एका मेकॅनिकनं डोकं खाजवून इंजिन मिसिंग आहे असं निदान केलं. बँकरांनी बॉनेट उघडून त्याला इंजिन दाखवलं आणि विचारलं, मग हे काय आहे. तिथून पुढे त्या मेकॅनिकनं आम्हाला बघितलं की दुकानाची फळी लावायला सुरुवात केली.

बँकरांनी व्हॉल्व्ह काढून पडवीत बसून घासले. वजन कमी करायला मागची सीट काढली, मग मडगार्ड काढले, मग मला उतरवून चालायला लावलं. मोटार त्याच वळणाशी येऊन थांबायची आणि मी मागून चालत येऊन तिला गाठायचो. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. एका रविवारी परत आल्यावर ते मोटारीखाली गेले नाहीत, पडवीत नुसते बसून राहिले. ते पाहून मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, काका, एकदा गाडीनं जाऊन या, कोण हसणार आहे? जे हसले असते ते सगळे गार्ड होते, आणि त्यांचं हसणं यांना कसं सोसणार?

पुढच्या रविवारी काकी लाडवांचा डबा आणि शेवंतीसाठी हिरवा खण घेऊन मोटारीत येऊन बसल्या.

"आज मोटार चढली तर मोटारीनं," काकी म्हणाल्या, "नायतर मी तितनं चालत जाईन. पन माझा नातू आज मला दिसाया पायजे."

बँकरांनी मान खाली घालून मोटार काढली. खोपोली मागे पडली, चढ लागला, वळण आलं आणि मोटार मेली. काकी डबा घेऊन उतरायच्या बेतात होत्या. बँकर म्हणाले, जरा थांब, निदान तोंड तरी फिरवून घेतो. मोटार मागे घरंगळू देत, पुढेमागे करत, त्यांनी तिचं नाक खोपोलीकडे केलं. त्यात पुढचं चाक कडेच्या गटारात गेलं. मी हँडल मारलं. पहिल्याच फेरीला मोटार सुरू झाली, आणि ती तशी होणार याची सवय असल्यामुळे मला काही वाटलं नाही. चाक काढायला बँकरांनी रिव्हर्स टाकला. मोटार गटारातून निघाली, मागे चढावर सरकली, आणि बंद पडली नाही.

बँकरांनीही थांबवली नाही. मी हातात हँडल घेऊन उभा, आणि मोटार माझ्याकडे तोंड करून माझ्यापासून लांब चाललेली. पुढच्या सीटवर काकी डबा पोटाशी धरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं ब्रेक गेला. ब्रेक गेलेली मोटार चढावर जात नाही, हे त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही. मी धावत सुटलो. ते वळण, ते आमच्या इतक्या रविवारांचं वळण, मोटारीनं पाठमोरं ओलांडलं आणि पलीकडे जाऊन उभी राहिली. मी चाकाखाली दगड लावेपर्यंत बँकर उतरून रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"भाऊसाहेब," दम लागला तेव्हा म्हणाले, "बॉयलरला काचेची नळी असती, आत पानी किती हाय ते दाखवनारी. चढाला लागलं की पानी मागं जातं. नवा फायरमन आला की पयल्या दिवशी मी त्याला हेच शिकवायचो. सगळा जन्म ती नळी बघत घाट चढलो, आन हितं मी प्लग भाजत बसलो."

मोटारीची टाकी पुढच्या सीटखाली. पंप नाही, काही नाही. पेट्रोल आपलं आपण वाहत इंजिनात जायचं. रेशनच्या कूपनांवर मिळणारं पेट्रोल ते किती, टाकीच्या तळाशी नुसतं हिंदकळायचं. नाक वर करून चढलं की इंजिन टाकीपेक्षा उंच आणि ते मूठभर पेट्रोल मागच्या कोपऱ्यात. नाक खाली केलं की सगळं इंजिनाकडे. दोष मोटारीत नव्हताच. पुढे हा किस्सा बँकर स्वतःच गावभर सांगत, आणि सांगताना स्वतःच्या कपाळावर अशी चापट मारत, की ऐकणाऱ्यालाच लागावी.

काकी मोटारीतून उतरल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "मंग आता काय, उलटं जायचं?"

"मला उलटंच येतं गं," बँकर म्हणाले.

आणि आम्ही बोरघाट उलटा चढलो. मला त्यांनी मागे बसवून गार्ड केलं. एका हातात त्यांचा लाल रुमाल, दुसऱ्या हातात शेवंतीचा हिरवा खण. रस्ता मोकळा असला की खण, समोरून लॉरी आली की रुमाल. लॉरीवाले थांबून बघत, काही उतरून हात जोडत. बँकर मान मागे वळवून एका हातानं चाक धरून बसले होते, आणि इतक्या दिवसांत मी त्यांना इतकं सुखात बघितलं नव्हतं. काकींचं तोंड मात्र खोपोलीकडे. गाडीनं त्या अनेकदा वर गेल्या होत्या, पण बोगद्यांतून काय दिसणार? आता सगळा खालापूर तालुका त्यांच्यासमोर उलगडत चालला होता. एक गाव दाखवून त्या म्हणाल्या, ते बघा पोशीर. बँकर मान न वळवता म्हणाले, पोशीर तिकडे नाही. पोशीर कुठं आहे यावर नवराबायकोत जो वाद सुरू झाला तो शिंगरोबाच्या देवळाशी रेडिएटरात पाणी घालताना जरा थांबला आणि पुन्हा खंडाळ्यापर्यंत चालला.

खंडाळ्याला सपाटी लागल्यावर मोटार सरळ केली. लोणावळ्यात रेल्वेच्या चाळीपुढे ती उभी राहिली तेव्हा शेवंती दारातच होती. कडेवर पोर, त्याच्या केसांची डोक्यावर मधोमध बांधलेली बुचडी. ती बापाकडे बघत राहिली. मग आत गेली, भाकरतुकडा आणि पाणी घेऊन आली, तिघांवरून ओवाळून टाकलं. तोवर तिनं स्वतःला आवरलं असावं.

"बाबा," म्हणाली, "अजून थोडं थांबला असता तर येनी घातली असती पोराला."

बँकरांनी हात पुढे केले आणि पोर घेतलं.

जावळ दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. बँकर पाटावर, पोर मांडीवर, आणि न्हाव्यानं पाणी लावताच पोरानं असा सूर काढला की चाळ गोळा झाली. शेवंतीनं चांदीचा वाळा वाजवला, जावयानं शीळ घातली. काही उपयोग नाही. मग बँकरांनी गाल फुगवले आणि पोराच्या कानाशी हळूच सुरुवात केली: भक्क. जरा थांबून भक्क. मग भक्क, भक्क, भक्क, जड गाडी फलाटातून हलते तसं. पोर चूप झालं. न्हाव्याचा हातही त्याच तालावर चालू लागला. केस सगळे खाली आल्यावर पोरानं मान वर करून आजोबांकडे टक लावून बघितलं, आणि बँकर मोठमोठ्यानं नाक शिंकरायला लागले.

परत निघायची वेळ झाली तेव्हा शेवंतीची वळकटी, ट्रंक आणि पाळणा दाराशी येऊन पडलेला. इतक्या दिवसांची माहेरची भूक, ती महिनाभर राहायला निघाली होती. मोटारीत एवढं सामान मावणार नव्हतं, आणि पेट्रोलही संपलेलं, कूपनंही. जावई म्हणाला, मोटार राहू द्या इथं, मी बघतो तिच्याकडे. आता उरली फक्त रेल्वे, म्हणून सगळे बँकरांकडे बघायला लागले. बँकरांनी पोर खांद्यावर घेतलं आणि स्टेशनाच्या वाटेला लागले, तेही सगळ्यांच्या पुढे. फलाटावर जावयाच्या चेहऱ्यावर हसू दिसलं तेव्हा त्यांनी त्याला दटावलं.

"घाट चढनार नाय म्हटलंवतं," म्हणाले. "उतरनार नाय असं मी कवा म्हटलं?"

गाडी घाट उतरायला लागली. बोगद्यांत पोर दचकायचं आणि बँकर त्याला छातीशी घट्ट धरायचे. पळसदरीच्या आधी ते झोपलं, गुळगुळीत डोकं आजोबांच्या दंडावर ठेवून. कपाटाबद्दल बँकर काही वाईट बोलतील म्हणून मी वाट बघत होतो, पण ते पोराच्या तोंडाकडे बघण्यात इतके गुंतले होते, की बाहेर काय चाललंय याचं त्यांना भान नव्हतं.

कर्जत आलं. मी ट्रंक उतरवली, काकींनी वळकटी, शेवंतीनं पाळणा. सामान मोजून मागे वळतो तर बँकर खिडकीशी तसेच बसलेले. मी सांगितलं, काका, कर्जत आलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. शेवंती खिडकीशी धावली, बाबा उतरा, गाडी सुटेल. मागच्या डब्यातून गार्डानं शिट्टी दिली.

"सुटू दे," बँकर कुजबुजले. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

गाडी हलली. शेवंती खिडकीबरोबर चार पावलं धावली आणि मग फलाटावर उभी राहून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. काकी वळकटीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बस गं. नेरळला पोर उठंल, मंग पोशीरला भावाकडं जेवून येतील दोगं."